काडतूस, गोळी आणि कोठी : शिकारकथेच्या मराठी परिभाषेविषयी

शिकारकथा हा मराठी समीक्षेने फारसा मनावर न घेतलेला वाङ्मयप्रकार होय. साहस, रंजन आणि फार तर निसर्गवर्णन अशा तीन खणांत तो बसवून समीक्षक पुढे जातात. या कथांतील बंदूक नाटकातल्या लाकडी तलवारीसारखी समजली जाते. ती कोणत्या जातीची, तिच्यात काय भरले आहे, हे वाचकाने विचारू नये आणि लेखकाने सांगू नये, असा जणू संकेतच आहे. वस्तुतः शिकारीचे गद्य हे कार्यकारणाचे गद्य आहे. जनावर का पडले किंवा का पडले नाही, याचे उत्तर त्यात द्यावेच लागते. आणि ते उत्तर पुष्कळदा शिकाऱ्याच्या धैर्यात नसून त्याच्या बंदुकीच्या नळीत व त्या नळीसाठी निवडलेल्या काडतुसात असते. बंदुकीला तिचेच काडतूस लागते, शेजारच्या मापाचे चालत नाही, ही गोष्ट शस्त्रागारात जितकी महत्त्वाची तितकीच कथेतही आहे. ती सांगण्याजोगे शब्द मराठीत आहेत काय, आणि असल्यास ते वापरले जातात काय, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न होय.

उदाहरणादाखल जिम कॉर्बेट (१८७५–१९५५) यांची चंपावतच्या वाघिणीची हकीकत घ्यावी. घटना १९०७ सालची; ती ज्या ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ या पुस्तकात आली ते प्रसिद्ध झाले १९४४ साली. या वाघिणीच्या नावावर ४३६ बळी सांगितले जातात. शेवटच्या हाक्याच्या वेळी कॉर्बेट यांच्यापाशी रायफलीची तीनच काडतुसे होती. दोनांहून अधिक बार काढावयास मिळणार नाहीत, तिसरे आपले अडीअडचणीला, असा त्यांचा हिशेब. तिन्ही संपली आणि जखमी वाघीण समोर उभी राहिली. तेव्हा कॉर्बेट धावत मागे तहसीलदारापाशी गेले आणि त्याच्या हातातली बंदूक त्यांनी घेतली. बंदूक इतकी झिजलेली, की नळ्या व मागचा ठोकळा यांच्यामध्ये सुमारे तीन अष्टमांश इंचाची फट राहिली होती. वीसेक फुटांवरून त्यांनी वाघिणीच्या उघड्या तोंडावर नेम धरला. गोळी लागली ती पंजाला. वाघीण आधीच्या जखमांनीच संपत आली होती म्हणून पडली.

या प्रसंगाचा सांगाडा बारकाईने पाहण्याजोगा आहे. रिकामी रायफल हाती असताना कॉर्बेट तहसीलदाराकडे काडतूस मागत नाहीत, बंदूक घेतात. कारण उघड आहे : साध्या बंदुकीचे जाड, बोथट काडतूस रायफलीत बसणारे नव्हे. ती दोन निराळी कुळे आहेत. रायफलीच्या नळीत मळसूत्री खाचा कोरलेल्या असतात आणि त्या एकाच लांबट गोळीला फिरकी देतात; साध्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते आणि ती मुख्यतः छऱ्यांसाठी घडवलेली असते. दोन्ही शस्त्रे शेजारी शेजारी असूनही एकाचे पोट दुसऱ्याच्या शिदोरीने भरत नाही. या एका अडचणीवर हा सारा क्षण उभा आहे.

आता हाच प्रसंग मराठीत असा उतरला असे समजू : शिकाऱ्याच्या बंदुकीतल्या तिन्ही गोळ्या संपल्या, म्हणून त्याने तहसीलदाराची बंदूक घेतली. व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष आहे. परंतु चिकित्सक वाचक लगेच विचारील, की दुसऱ्याची बंदूक कशाला, दुसऱ्याच्या गोळ्या का घेतल्या नाहीत? स्वतःचे उत्तम शस्त्र टाकून हा मनुष्य मोडकी बंदूक उचलतो तो केवळ घाबरला म्हणून की काय? मूळ कथेत जी निरुपाय निवड आहे ती मराठीत उतावीळपणा ठरते. एका ‘बंदूक’ शब्दाने दोन शस्त्रे झाकली आणि एका ‘गोळी’ शब्दाने दोन वस्तू झाकल्या, एवढ्याने नायकाचा स्वभाव बदलला. अनुवादचर्चेत अलंकार, वाक्प्रचार, स्थानिक रंग यांचा ऊहापोह पुष्कळ होतो. अशा साध्या नामांकडे मात्र दुर्लक्ष होते.

‘गोळी’ या शब्दाचा पसारा खरोखर मोठा आहे. नळीतून सुटणारे शिसे ती गोळी. ज्या पूर्ण वस्तूचा ते शिसे एक भाग आहे ती वस्तूही लोकभाषेत गोळीच. ‘गोळी घातली’ म्हटले म्हणजे मारण्याची क्रियाही तीच. शिवाय वैद्याची गोळी आहेच. आणि हा योगायोग एकटा नाही. ‘दारू’ हा फारसी शब्द मुळात औषध या अर्थाचा. मराठीत तो मद्याकडे गेला आणि स्फोटक चूर्णाकडेही गेला. कागदात बांधलेले चूर्ण म्हणजे ‘पुडी’, तीही वैद्याचीच. शस्त्रागाराची भाषा आजीबाईच्या बटव्याशी इतकी सलगी ठेवून आहे, हे मौजेचे खरे, पण अनुवादकाला धोक्याचे.

तथापि मराठी या बाबतीत दरिद्री आहे असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. उलट, बंदूक आणि तिचे खाद्य यांचा संबंध मराठीने नामातच बांधून ठेवला आहे. तोड्याची बंदूक, चकमकीची बंदूक, टोपीची बंदूक, ठासणीची बंदूक, काडतुशी बंदूक, छऱ्याची बंदूक — ही नावे पाहावीत. यांत बनवणाऱ्याचे नाव नाही, गावाचे नाव नाही, लांबीरुंदी नाही. बंदूक कशी पेटते आणि तिला काय व कसे भरवावे लागते, यावरून तिची जात ठरली आहे. कोकणात ‘ठासणीची’ म्हणतात तिलाच विदर्भाच्या पूर्व भागात ‘भरमार’ म्हणतात. ‘भर’ आणि ‘मार’ ही दोन आज्ञार्थी रूपे एकत्र येऊन झालेले हे नाव वापरण्याची रीतच सांगते. वृत्तपत्री मराठीत ‘भरमार’ आता सुकाळ या अर्थाने वावरतो, तो हिंदीच्या वळणाने आलेला; रानातल्या भरमारीशी त्याचा संबंध लावू नये.

या नावांचा कालक्रमही निश्चित करता येतो. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रासच्या २८ व्या घोडदळाचा अधिकारी जॉन स्मिथ वाघाच्या शिकारीच्या निमित्ताने वाघूर नदीच्या खोऱ्यात आला आणि त्याला अजिंठ्याची लेणी दिसली. दहाव्या लेण्यात त्याने आपले नाव व तारीख कोरून ठेवली आहे. छत्रपती संभाजीनगरच्या परिसरातली इतिहासप्रसिद्ध अशी ही शिकार. तो काळ चकमकीचा. टोपी, म्हणजे ठिणगीसाठी बसवावयाची तांब्याची लहानशी वाटी, पुढच्या दशकांत रूढ झाली. तेव्हा या शिकारीचे वर्णन करताना एखाद्या कादंबरीकाराने स्मिथच्या हाती काडतुशी रायफल देऊन त्याच्याकडून धडाधड बार काढवले, तर तो कालविपर्यास होईल. स्मिथच्या काळी एक बार काढल्यावर दुसरा भरीपर्यंत वाघाला विचार करण्यास पुरेसा अवकाश असे.

‘बार’ हा शब्द येथे जरा थांबून पाहण्याजोगा आहे. दारू, गोळी आणि दोहोंना दाबून धरणारा बोळा यांची नळीत ठासून सिद्ध झालेली एकत्र स्थिती म्हणजे बार. बार ‘भरला’ जातो, ‘काढला’ जातो, ‘उडतो’ आणि प्रसंगी ‘फुसका’ निघतो. कार्य उरकले म्हणजे लग्नाचाही बार उडतो. ठासणीच्या बंदुकीत दारूचे प्रमाण, गोळीचे माप आणि बोळ्याची घट्टपणा ही तिन्ही शिकाऱ्याने स्वतः जुळवावयाची असत. दारू अधिक झाली तर नळी फाटे, कमी झाली तर बार फुसका. म्हणजे योग्य दारूगोळा निवडणे हे प्रत्येक बाराच्या वेळी नव्याने करावयाचे कर्म होते. ‘दारूगोळा’ हा समाहारद्वंद्वही त्याच अवस्थेचा साक्षी आहे : दोन सुट्या वस्तू, अद्याप एकत्र न आलेल्या. हिंदीत क्रम उलटा, ‘गोला-बारूद’. नळीत दारू आधी आणि गोळा नंतर जातो म्हणून मराठीचा क्रम अधिक शास्त्रशुद्ध, असे म्हणण्याचा मोह होईल. पण द्वंद्वातील पदांचा क्रम बहुधा उच्चारसुखावर ठरतो, आणि पाणिनीचे ‘अल्पाच्तरम्’ येथे लागू पडत नाही, कारण दोन्ही पदांत स्वर सारखेच. तो मोह आवरलेला बरा.

जुन्या ग्रंथांत या जुळणीचे भान स्पष्ट दिसते. शुक्रनीतीत, जिचा काळ वादग्रस्त आहे आणि अग्निशस्त्रांच्या उल्लेखामुळेच तो पुष्कळ अलीकडे ओढला जातो, नालिकाचे बृहत् व क्षुद्र असे दोन भेद सांगून मोठ्यासाठी लोखंडाचा गोळा व लहानासाठी शिशाची गोळी असा विवेक केलेला आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरील तोफांच्या सरंजामाची याद देताना गज, कुंचे, जामग्या यांच्याबरोबर त्या त्या तोफेच्या प्रमाणाचे गोळे जवळ असावेत, अशी अपेक्षा व्यक्त झाली आहे. गोळे पुष्कळ असावेत एवढेच अमात्य सांगत नाहीत. ते मापाचे असावेत, हा त्यांचा आग्रह आहे. देवगिरीच्या किल्ल्यावरील मेंढा तोफ पाहणाऱ्यास त्याचे मर्म सहज कळेल : इतक्या रुंद तोंडाला भलत्या मापाचा गोळा म्हणजे तोफ नसल्यासारखेच. या मजकुरात ‘प्रमाण’ हा शब्द किती नेमका आला आहे हे पारिभाषिक शब्द घडवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. आजच्या भाषेत ‘सुसंगत’, ‘अनुरूप’, ‘अनुकूल’ असे जे पर्याय सुचवले जातात ते ढोबळ आहेत. काडतूस बंदुकीला अनुकूल असत नाही, ते तिच्या प्रमाणाचे असते.

येथे एक तांत्रिक बारकावा नोंदवणे अवश्य आहे, कारण ‘मापाची गोळी’ या शब्दसमूहाचा अर्थ त्यावर अवलंबून आहे. गुळगुळीत नळीत गोळी भोकापेक्षा किंचित लहान असावी लागते. नाहीतर ती तोंडातून आत जाणारच नाही. कंपनीच्या फौजेतील जुन्या बंदुकीची नळी .७५ इंचाची आणि गोळी सुमारे .६९ इंचाची असे. रायफलीत उलट. गोळी मूळ भोकापेक्षा किंचित मोठी असली तरच ती खाचांत रुतते आणि फिरते. म्हणून ज्या रायफलीला .३०३ म्हणतात तिची गोळी सुमारे .३११ इंच व्यासाची असते. ‘मापाची’ हे एकच विशेषण दोन शस्त्रांच्या बाबतीत परस्परविरुद्ध गोष्टी सांगते.

या विरोधातूनच १८५७ चे काडतूस जन्मास आले, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल .५७७ इंचाची. तोंडातून भरावयाची म्हणून गोळी सैल हवी, खाचांत रुतावी म्हणून घट्ट हवी. यावर तोड अशी काढली, की गोळी थोडी लहान ठेवून तिचा तळ बार उडताना फुगेल अशी रचना करावयाची आणि तिच्याभोवतीच्या कागदाला वंगण लावावयाचे, म्हणजे ती सुलभतेने आत सरकेल. दारू आणि गोळी एकाच कागदी पुडीत. पुडी दातांनी फाडावयाची. त्या वंगणात गाईची व डुकराची चरबी असल्याची वार्ता पसरली आणि पुढचा इतिहास घडला. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मध्येही (प्रकाशन १९०७) काडतुसांची हकीकत आली आहे. इतिहासग्रंथांत चरबीची चर्चा विपुल. ती तेथे का होती, हा प्रश्न नळी आणि गोळी यांच्या जुळणीचा आहे.

‘काडतूस’ हा शब्द पोर्तुगीज ‘कार्तुशु’वरून आला, त्याच्या मुळाशी कागद या अर्थाचा शब्द आहे. उर्दू-हिंदीत ‘कारतूस’, मराठीत ‘काडतूस’. रेफाच्या जागी डकार कसा आला याचे समाधानकारक उत्तर ध्वनिनियमांत मिळत नाही. ‘काडी’ या परिचित शब्दाचा ओढा लागला असावा, अशी लोकव्युत्पत्तीची शक्यता तेवढी सांगता येईल. हैदराबाद संस्थानात १९४८ पर्यंत कचेरीची भाषा उर्दू असल्यामुळे मराठवाड्यात दोन्ही रूपे कानावर येतात. पुढे काडतूस धातूचे झाले, कागद गेला, शब्द राहिला. आणि या बदलाबरोबर जुळणीचे कर्म शिकाऱ्याच्या हातून कारखान्याकडे गेले. दारू किती, गोळी कोणती, टोपी कोठे, हे सारे आधीच ठरवून मिटवून टाकलेली वस्तू म्हणजे आजचे काडतूस. शिकाऱ्याकडे उरली ती एकच निवड, योग्य नावाचे काडतूस घेण्याची. येथून शस्त्रविद्येचा प्रश्न नामविद्येचा होतो.

ही नावे अंकांची आहेत, आणि अंक फसवे आहेत. ‘बारा बोअर’ म्हणजे बारा एकके लांबीची नळी नव्हे. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या असता त्यांतील एक ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. तिचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर. म्हणून सोळाची नळी बारापेक्षा बारीक आणि विसाची त्याहून बारीक. परंतु ‘.४१० बोअर’ म्हटले की तेथे गोळ्यांची मोजदाद नाही, इंचाचा अपूर्णांक आहे. ‘.३०-०६’ यातील ०६ हे १९०६ साल आहे. ‘.४५०/४००’ याचा अर्थ .४५० च्या पुंगळीचे तोंड आवळून ते .४०० च्या गोळीसाठी केले. ‘.२७५ रिग्बी’, जी रायफल चंपावतच्या वाघिणीनंतर कॉर्बेट यांना भेट मिळाली, तिचे काडतूस दुसऱ्या नावाने ७ × ५७ मिलिमीटरचे. एकच वस्तू, दोन नावे. भारतीय अर्थविचारात शब्दांचे यौगिक, रूढ आणि योगरूढ असे भेद केले आहेत. काडतुसाचे अंक दिसतात यौगिक, म्हणजे अवयवांवरून अर्थ निघेल असे. असतात मात्र रूढ, फार तर योगरूढ. चिखलात उगवणारे सर्व पंकज नव्हे, तसे ७ मिलिमीटरचे सर्व काडतूस एक नव्हे. पोलीस शिपाई ‘तीनशे तीन’ म्हणत नाही, ‘थ्री नॉट थ्री’ म्हणतो. अंक हे नाव आहे, मोजमाप नव्हे, हे त्याच्या जिभेला व्याकरण न शिकता समजले आहे.

रूढ नावाला यौगिक समजण्याचा परिणाम शस्त्राच्या बाबतीत केवळ वैचारिक राहत नाही. विसाचे काडतूस चुकून बाराच्या नळीत टाकले तर ते बाहेर दिसत नाही. पुढे सरकून नळी अरुंद होते तेथे अडकते. नळी रिकामी समजून मागून बाराचे काडतूस घातले व चाप ओढला, की नळी हातात फुटते. याच भयाने विसाच्या काडतुसाचे आवरण पिवळे ठेवण्याचा संकेत अमेरिकी उत्पादकांत रूढ झाला. याहून सूक्ष्म गोष्ट लांबीची. जुन्या बारा बोअर बंदुकांची कोठी पुष्कळदा अडीच इंची असते आणि पावणेतीन इंची काडतूस तिच्यात बिनतक्रार बसते. बसते म्हणजे ते योग्य आहे असे नव्हे. काडतुसाची नोंदलेली लांबी त्याच्या भरलेल्या अवस्थेची नसून तोंडाची घडी उलगडल्यानंतरची, म्हणजे बार उडाल्यावरची असते. घडी उलगडण्यास जागा न मिळाल्यास दाब वाढतो. वस्तूला तिच्या भावी अवस्थेवरून नाव देण्याचा हा प्रकार अर्थविचाराच्या अभ्यासकाने टिपून ठेवण्याजोगा आहे. जुन्या काळ्या दारूसाठी घडवलेल्या नळ्यांत आजच्या निर्धूर दारूचे काडतूस घालणे असेच घातक. आणि मराठीत दोन्ही ‘दारू’च.

‘बोअर’ या शब्दाने मराठीत आणखी एक गोंधळ माजवला आहे. ‘बारा बोअर’ ही गोळ्यांची मोजदाद आणि ‘.३१५ बोअर’ हा इंचाचा अपूर्णांक, दोहोंना एकच शब्द. .३१५ इंच म्हणजे ८ मिलिमीटर. लष्करी मापे सामान्य परवान्यावर मिळत नाहीत, म्हणून .३०३ वर्ज्य, तिच्याऐवजी ऑस्ट्रियन मान्लिखर काडतुसाच्या कुळातली ही.३१५ रायफल इशापूरच्या सरकारी कारखान्याने नागरिकांसाठी तयार केली. काडतुसांचा जुना सरकारी कारखाना महाराष्ट्रातच, खडकी येथे, १८६९ पासून आहे. वरणगावचा १९६४ पासून. २०२१ नंतर दोन्ही पुण्यात मुख्यालय असलेल्या एका सरकारी कंपनीकडे गेले. म्हणजे वस्तू महाराष्ट्रात तयार होते आणि तिच्याविषयी नीट बोलण्याची मराठी मात्र सिद्ध नाही. दशांशचिन्हाचेच पाहावे. बातमीत ‘३२ बोअरचे रिव्हॉल्वर’ असे छापले जाते. अभिप्रेत असते .३२ इंच, म्हणजे सुमारे ८ मिलिमीटर. परंतु जे लिहिले आहे त्याचा शब्दशः अर्थ घेतल्यास पौंडाला बत्तीस गोळ्यांची, १३ मिलिमीटरहून रुंद नळी होते. एक टिंब गळाले की शस्त्र बदलते.

पंचनाम्याच्या भाषेत याचे महत्त्व शिकारकथेहून अधिक आहे, कारण तेथे वाचक न्यायालय असते. ‘एक गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे’ हा ठराविक शब्दसमूह सर्वांच्या परिचयाचा. ‘जिवंत’ हे इंग्रजीचे भाषांतर. त्याचा प्रतियोगी ‘मृत काडतूस’ मात्र कोणी म्हणत नाही. तेथे लोकभाषेने आपला शब्द पुढे केला, ‘रिकामी पुंगळी’. हा शब्द उत्तम आहे. उडून गेलेली ती गोळी, मागे पडलेली ती पुंगळी, न उडालेले ते काडतूस. हे तीन शब्द आपापल्या जागी वापरले तर कोण कोठे उभा होता आणि किती बार झाले, हे पंचनाम्यावरून काढता येते. तिन्ही ठिकाणी ‘गोळी’ लिहिले तर येत नाही. गावठी कट्टा ही तर प्रमाण मोडलेली वस्तू आहे. बाजारात जे काडतूस मिळते, बहुधा .३१५ किंवा बाराचे, ते पाहून त्याभोवती नळी जमवलेली असते. बंदुकीसाठी काडतूस निवडण्याऐवजी काडतुसासाठी बंदूक केलेली. खाचा नसलेल्या नळीत रायफलीची गोळी. ती नेमाने जात नाही आणि नळी पकडणाऱ्यासही सोडीलच असे नाही.

परिभाषा घडवताना संस्कृतकडे धाव घेण्याची आपली सवय या क्षेत्रात विशेष निष्फळ ठरली आहे. रघुनाथपंडितांच्या राजव्यवहारकोशात शस्त्रवर्ग स्वतंत्र होता आणि त्यामागे राजकीय प्रयोजन होते. तो प्रयत्न आदरणीयच. परंतु आजच्या लेखकाने बंदुकीला ‘भुशुंडी’ म्हणावे याला प्रयोजन दिसत नाही. महाकाव्यांतील भुशुंडी हे शस्त्र आजच्या बंदुकीचे पूर्वज होते असे मानण्यास आधार नाही. शिवाय त्या शब्दात भरण्याची रीत, नळी, दारू, यांपैकी काहीच सूचित होत नाही. ‘ठासणीची’ या एका विशेषणात जे ज्ञान आहे ते त्याच्यात नाही. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी पक्षी, प्राणी, वृक्ष यांच्या लोकनामांना कोशात स्थान दिले, तेव्हा शास्त्रीय नावांइतकीच रानातली नावेही काटेकोर असू शकतात हे दिसून आले. शिकाऱ्याच्या हत्यारांचे शब्द त्या कोशांच्या कक्षेबाहेरचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा छंद म्हणून संपला, ते योग्यच झाले; पण ठासणी, रंजक, जामगी, बोळा हे शब्द उच्चारणारी पिढीही त्याबरोबर सरत आहे. पिकांचे नुकसान करणाऱ्या रानडुकरांसाठी परवानगीची बंदूक बाळगणारा शेतकरी आजही आहे, आणि त्याच्या काडतुसाच्या बुडावरची अक्षरे रोमन आहेत.

काडतूस ज्या पोकळीत बसते तिला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न वारंवार विचारला जातो आणि ‘कक्ष’ असे उत्तर दिले जाते. ‘कोठी’ हा शब्द तोफेच्या दारू राहण्याच्या भागासाठी जुन्या मराठीत आहे. धान्याची कोठी, दारूची कोठी, काडतुसाची कोठी. अर्थाचा प्रवास सरळ आहे, आणि कोठीत काय ठेवावयाचे व किती, हा विचार शब्दातच गर्भित आहे. ‘कक्षा’त काहीही ठेवता येते. पुंगळीच्या बुडाच्या काठाला ‘कडा’ म्हणावे. वेगळा शब्द घडवण्याची गरज नाही. अंकांचे मात्र भाषांतर करू नये. .२७५ ला ‘पाव इंचाहून थोडी अधिक’ असे मराठीत आणणे म्हणजे व्यक्तिनामाचे भाषांतर करण्यासारखे आहे.

राहिला ‘रायफल’ हा शब्द. इंग्रजीत तो नळीतील खाचांवरून पडला, म्हणजे मराठीच्या खाद्यावरून नाव देण्याच्या पद्धतीहून निराळ्या तत्त्वावर. तो आहे तसा घेतला गेला आणि त्यामुळे ‘बंदूक’ शब्दाचा अर्थसंकोच झाला. परवानाधारक ‘माझ्याकडे बंदूक आहे, रायफल नाही’ असे म्हणतो तेव्हा त्याला गुळगुळीत नळीची, छऱ्यांची बंदूक अभिप्रेत असते. हा भेद कोणत्याही समितीने ठरवलेला नाही. पोलीस ठाण्यात, वनखात्यात आणि काडतुसांच्या दुकानात तो बोलता बोलता स्थिरावला आहे. चंपावतच्या त्या प्रसंगाच्या अनुवादाला तेवढा भेद पुरेसा आहे : रायफलीची काडतुसे संपली, तहसीलदाराच्या हाती बंदूक होती.